इंजिन वाढवा

आमच्या कोपऱ्यावरचा वाणी संध्याकाळी फळ्या लावताना "चला, दुकान वाढवतो" म्हणाला की मी अजूनही त्याच्यावर खेकसते. "बंद करतो म्हण की रे मेल्या! जीभ झडते का तुझी?" तो हसतो. म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्याला वाटत असणार, वाटू दे. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. अशुभ शब्द तोंडातून निघू नये म्हणून केलेली ही सोय, आणि मीही तिच्यातच वाढले. पण बहात्तरच्या दुष्काळापासून हा एक शब्द माझ्या कानाला सोसत नाही, आणि तो ऐकला की मला सोनटक्के साहेब दिसतात.

रंगनाथ सोनटक्के आमच्या कंपनीचे विक्रीचे साहेब. नागापूरला तेव्हा नुकतीच एमआयडीसी उभी राहत होती, तिथे आमचा ऑइल इंजिनांचा कारखाना. विहिरीच्या तोंडाशी बसवायचं, डिझेल घालायचं, हँडल मारायचं, की ते भकभक करत पाणी उपसायला लागणार. विक्रीचं ऑफिस मात्र नगरात, माळीवाड्याजवळ एका माडीवर. तिथे मी टायपिस्ट. साहेबांच्या हाताखाली चार सेल्समन, आणि जीप चालवायला शब्बीरभाई. ऑफिसची किल्लीही शब्बीरभाईंकडेच असायची, कारण साहेब किल्ली सोडून सगळं सांभाळायचे.

माणूस अंगानं भारदस्त, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि पायात लेसचे काळे बूट. ढेकळं असोत, चिखल असो, बूट म्हणजे बूट. "गिऱ्हाईक आधी तोंड बघत नाही, बाई, पाय बघतं," असं मला सांगायचे. "हा माणूस परत येणारा आहे की पळून जाणारा, ते पायावरून कळतं." त्यांची पोरं, म्हणजे ते चार सेल्समन, चपला फटफटवत हिंडायची. साहेब त्यांना काही बोलायचे नाहीत, नुसते चपलांकडे बघून मोठा सुस्कारा सोडायचे. अहो, त्या सुस्काऱ्यानं मलाच माझ्या चपला टेबलाखाली ओढाव्याशा वाटायच्या.

लोकांना वाटतं, विक्रीच्या धंद्यात जीभ लागते. साहेबांना लागायचे ते कान. शेतकऱ्याच्या दारात गेलं की इंजिनाचं नाव काढायचं नाही हा त्यांचा पहिला नियम. आधी तांब्याभर पाणी मागायचं. पाणी पिता पिता म्हणायचं, "गोड आहे हो, कुठल्या विहिरीचं?" झालं! ज्याची विहीर तो माणूस उठलाच दाखवायला. विहिरीपाशी गेले की साहेब एक खडा उचलून आत टाकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. खडा पाण्यावर वाजेपर्यंत श्वास धरून उभे. इंजिन वर ठेवून पाणी ओढतं, पण काही खोलीपर्यंतच. पाणी त्याच्या खाली गेलं की ते नुसतं धापा टाकतं. खडा उशिरा वाजला की साहेब डोळे उघडून हसायचे आणि म्हणायचे, "मालक, विहीर अजून थोडी भरू द्या. इंजिन कुठं पळून जातंय?" म्हणजे नाही. पण "नाही" म्हणायचं नाही. शेतकऱ्याला वाटायचं, आपल्या विहिरीचं कौतुकच झालं. पुढल्या वर्षी तोच पाहुण्यांना घेऊन ऑफिसात यायचा.

एकनाथला त्यांनी कामावर घेतलं तेसुद्धा कानांवरूनच. मुलाखतीला तिघं आले होते. साहेबांनी एकालाही काही विचारलं नाही. आपल्या नेवाशाकडच्या मावशीची शेळी कशी हरवली याची एक लांबण लावली. शेळी या वाड्यातून त्या वाड्यात, तिथून नदीच्या काठाला, मला टाइप करता करता जांभया यायला लागल्या. पहिल्या उमेदवारानं मध्येच आपलं सर्टिफिकेट पुढे केलं. दुसरा "वा साहेब, वा साहेब" करत राहिला. तिसरा जामखेडकडचा, आईबाप दर साल ऊसतोडीला जाणारे, अंगात दुसऱ्याचा सदरा. तो गप्प बसून ऐकत होता. साहेब थांबले तसा म्हणाला, "मंग त्या शेळीचं काय झालं, साहेब? घावली का न्हाई?" साहेबांनी त्याच्या पाठीत एक धपका घातला. मला म्हणाले, "बाई, याचं पत्र टाइप करा. याला ऐकू येतं."

वरिष्ठपणा म्हणजे काय, तेही मी त्यांच्याकडेच पाहिलं. नेवाशाच्या बाजारात एका शेतकऱ्यानं आमच्या एका सेल्समनची कॉलर धरली होती. ऐन भिजवणीच्या वेळी इंजिन बंद पडलं होतं बिचाऱ्याचं. साहेब मध्ये शिरले, पोराला मागे सारलं आणि उन्हात उभं राहून त्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या. आयाबहिणी सगळ्या निघाल्या. साहेब एकदाही "पण" म्हणाले नाहीत. शेवटी शिव्या देणाराच दमला, आणि त्यानंच चहा मागवला. इंजिन त्याच दिवशी दुरुस्त झालं. परत येताना साहेब पोरांना म्हणाले, "शिव्या खायला पुढं मी, मागं तुम्ही. धोका असंल तिथं पुढं मी, मागं तुम्ही. हार घालायला कुणी आलं तर तुम्ही पुढं व्हा." पोरं त्यांच्यावर जीव टाकायची ती उगाच नव्हे.

पण त्यांचं एक वेड होतं, आणि त्या वेडाचं आम्हाला तेव्हा कौतुक वाटायचं. अशुभ शब्द त्यांना चालायचा नाही. नाही, संपलं, बंद, मोडलं, यातलं काहीही गिऱ्हाइकासमोर काढायचं नाही, आणि सवय राहावी म्हणून ऑफिसातही नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. माल संपला तर "माल वाटेवर आहे." निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं, ते आपण सगळेच म्हणतो, पण साहेबांपुढे चुकून कुणी "जातो" म्हणालं तर त्याला जिन्यातून परत बोलवायचे. आणि इंजिन बंद करायचं म्हणजे "इंजिन वाढवा." बाजारात इंजिन चालवून दाखवायचं झालं की साहेब एका कडेला उभे राहायचे, तळहात आडवा धरायचे आणि देवळातल्या पुजाऱ्यासारखं शांतपणे म्हणायचे, "इंजिन वाढवा." की सेल्समन ते थांबवायचा.

एकनाथ नवा होता तेव्हा नेवाशाच्याच बाजारात गंमत झाली. इंजिन चालू, भोवती ही गर्दी. साहेब म्हणाले, "एकनाथ, वाढवा." एकनाथनं पुढे होऊन रेसचा दांडा पार शेवटापर्यंत ढकलला. इंजिन असं काही बोंबललं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची टोपी उडाली, एक बैल दावं तोडून पळाला, आणि धुराचा लोट मिठाईच्या दुकानात शिरला. साहेब ओरडतायत, "अरे वाढव! वाढव!" आणि हा गडी दांड्यावर आणखी जोर देतोय. शेवटी शब्बीरभाईंनी धावत जाऊन ते थांबवलं. "म्या म्हनलं रेस वाढवायची," एकनाथ कान धरून सांगत होता. वर्षभर आम्ही त्याला चिडवलं. जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या की मीच म्हणायची, "आले आमचे वाढवा!" दात काढून हसलो आम्ही सगळे. त्या हसण्याची आता मला भीती वाटते.

मग तो दुष्काळ आला. आधीचं सालही कोरडंच गेलं होतं, त्या साली तर आभाळ पांढरंफटक पडलं होतं, धुतल्या कपड्यासारखं. रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा. नागापूरच्या कारखान्याच्या आवारात इंजिनं उन्हात उभी, आणि त्यांच्यावर धूळ. साहेब दौऱ्यावरून आले की आधी बोलायचे नाहीत. एकदा खुर्चीत बसून बूट न काढताच म्हणाले, "बाई, आज खडा टाकला, तो वाजलाच नाही." मी म्हटलं, "वाळूत पडला असेल." तर म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

तक्रारी यायला लागल्या. इंजिन चालतं, पण पाणी येत नाही. येणार कुठून, पाणी खाली गेलं होतं. कारखान्याच्या मालकांनी साहेबांना बोलावून घेतलं. तिथून ते आले ते कपाळाला आठ्या घालूनच. मालकांचं म्हणणं, इंजिनं परत घ्यायची नाहीत, लोकांना सांगा की विहिरीत खाली उतरवा, पाण्याच्या जवळ गेलं की ओढेल. साहेबांनी चारी पोरांना समोर उभं केलं आणि इतका कडक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "असं कुणी कुठल्या शेतकऱ्याला सांगितलं तर माझ्यापाशी परत यायचं नाही. विहिरीत धूर कोंडतो. कळलं?" कळलं, म्हणाली पोरं. पोरांना सांगितलं त्यांनी. सरळ सांगितलं. पण गिऱ्हाइकाला?

जामखेडकडचा मारुती म्हणून शेतकरी ऑफिसात आला तेव्हा मी तिथेच होते. त्याची आणि त्याच्या धाकट्या भावाची, भगवानची, लिंबाची बाग होती, पोटच्या पोरासारखी वाढवलेली. इंजिन एकनाथनंच त्यांना दिलेलं. मारुती खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच बोलला. "सायेब, इंजन पानी वढत न्हाई. झाडं माना टाकाय लागलीत. विहिरीत अर्ध्याला खडकाचा टप्पा हाय, तितं उतरवावं म्हनतो. भगवान म्हनतोय, मी खाली ऱ्हातो इंजनापशी."

साहेबांनी त्याला पाणी दिलं, हसले आणि म्हणाले, "मारुतराव, इंजिनाला मोकळा वारा आवडतो. त्याला वरच राहू द्या. ते खूश, तुम्ही खूश."

"मंग पानी?"

"पाण्याचं बघू की. आम्ही आहोत ना."

मारुती मान हलवत गेला. "येतो सायेब," म्हणाला. तो जिना उतरला आणि माझं डोकंच फिरलं. मी टायपिंग थांबवून म्हटलं, "साहेब, हे काय बोलणं झालं? इंजिन काय नवरी आहे, वारा आवडायला? सरळ सांगा ना त्याला, धुरानं माणूस मरतो म्हणून!"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवापुढे चपला घालून गेले. "बाई, विकणाऱ्यानं 'मरतो' हा शब्द तोंडातून काढायचा नसतो. वास्तू तथास्तु म्हणते."

"मग वास्तूला घाला तुमची इंजिनं!" मी म्हटलं. मला राग आवरत नव्हता. त्या दिवशी जेवणाचा डबाही त्यांनी उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेच जिन्यातून ओरडत. "शब्बीर, जीप काढ. एकनाथ, चल. मारुतरावांकडे जाऊन येऊ." माझ्या टेबलापाशी थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग नुसते "येतो, बाई" म्हणून निघाले. पुढचं मला शब्बीरभाईंनी सांगितलं. एकदाच सांगितलं, परत मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मळ्याच्या वाटेवर जीप वळली तेव्हाच इंजिनाचा आवाज येत होता, पण जमिनीखालून आल्यासारखा. विहिरीच्या तोंडातून निळसर धूर हळूहळू वर येत होता आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. मारुती बागेत दारं धरत होता, लिंबाच्या आळ्यांत पाणी चाललं होतं, माणूस आनंदात होता. साहेब जीप थांबायच्या आत उतरले आणि कठड्याशी पळाले. खाली खडकाच्या टप्प्यावर इंजिन, आणि त्याला टेकून भगवान बसलेला, मान एका बाजूला. साहेबांनी हाक मारली तशी त्यानं मान वर केली. म्हणजे जिवंत होता, शुद्धीत होता. इंजिन त्याच्या हाताशी होतं. एक दांडा ओढला असता तर काम झालं असतं.

आणि साहेब ओरडले, "भगवान! इंजिन वाढव! वाढव, वाढव!"

इतक्या वर्षांची सवय, दुसरा शब्द जिभेवर आलाच नाही. भगवाननं हात वर केला, ऐकू आलं म्हणून. आणि रेसचा दांडा पार शेवटापर्यंत ढकलला. इंजिन बोंबललं. काळा लोट वर आला आणि भगवान दिसेनासा झाला.

साहेबांना काय झालं ते कळेचना. ते ओरडतच होते, तेच ते. एकनाथनं त्यांचा दंड धरला. "साहेब, त्याला रेस वाटली! माज्यावानीच झालं त्याचं!" त्या माळावर ते कळणारा एवढा एकच माणूस होता. साहेब मटकन खाली बसले आणि बुटांच्या लेसी सोडायला लागले. विहिरीच्या पायऱ्या म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले एकेक दगड, गुळगुळीत, बुटानं उतरता येत नव्हतं. "थांब, पुढं मी," ते म्हणत होते. "एकनाथ, पुढं मी." गाठ सुटत नव्हती. एकनाथनं चपला झटकल्या, उपरणं ओलं करून तोंडाला बांधलं, दोराचं टोक कमरेत खोचलं.

"येतो, साहेब," म्हणाला आणि उतरला.

इंजिन थांबलं. माळावर एकदम सगळं चिडीचूप झालं. मग दोराला हिसका बसला, मारुती आणि शब्बीरभाईंनी ओढला, तर टोकाला भगवान. तो वाचला. अजून आहे, नातवंडं आहेत त्याला. दोर परत खाली सोडला. साहेब कठड्यावर वाकून हाका मारत होते, एका पायात बूट, एक पाय उघडा. दोर कुणी धरला नाही. धूर ओसरल्यावर मारुतीच खाली उतरला, आणि त्यानं एकनाथला खांद्यावर घालून आणलं.

मालक म्हणाले, इंजिन गिऱ्हाइकानं आपल्या मनानं उतरवलं, कंपनीचा काही संबंध नाही. साहेबांना तर कुणीच दोष दिला नाही, मारुतीनंही नाही. दोष दिला तो एकनाथच्या बायकोनं, आणि तोही न ओरडता. साहेब तिच्या दारात गेले तेव्हा मी सोबत होते. तिनं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "साहेब, तुमी भगवानला काय म्हनला हुता वरनं?"

साहेबांनी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं.

"मंग बंद कर असं का न्हाई म्हनला?" ती म्हणाली. "बंद कर म्हनायचं हुतं की."

तांब्या साहेबांच्या हातातच राहिला. पाणी प्यायले नाहीत. मला आयुष्यात कुणाची इतकी कीव आली नाही आणि कुणाचा इतका रागही आला नाही. दोन्ही एकाच माणसाबद्दल, एकाच वेळी.

त्यानंतर त्यांनी बूट घातले नाहीत. चपला घालून, जीप घेऊन, जिथे जिथे आमचं इंजिन होतं त्या प्रत्येक विहिरीवर गेले. पाणी मागायचं नाही, हसायचं नाही. दारात उभं राहून एवढंच म्हणायचे, "इंजिन विहिरीत उतरवाल तर मराल. उतरवलं असेल तर आत्ताच्या आत्ता बंद करा." लोकांना राग यायचा. भरल्या घरी मराल म्हणतो म्हणजे काय? एका म्हातारीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, शब्बीरभाई सांगत होते. काहींनी त्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही. पण बऱ्याच विहिरींतून इंजिनं वर आली. नवीन इंजिन मात्र कुणी घेईना, आणि मालकांचे निरोपावर निरोप यायला लागले. साहेबांनी ते ऐकून घेतले, आणि शेवटची विहीर झाली तसा राजीनामा दिला.

त्या संध्याकाळी ऑफिसात मी एकटीच होते. साहेबांनी टेबल पुसलं, खुर्ची आत सारली आणि माझ्यापाशी आले. बाह्या खाली सोडलेल्या होत्या, मनगटापर्यंत. मी उभी राहिले.

"जातो, बाई," म्हणाले.

"येतो म्हणावं, साहेब," माझ्या तोंडून निघून गेलं. निघालं आणि मी जीभ चावली.

ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. "एकनाथ तसंच म्हणाला होता," ते म्हणाले. "जातो."

जिन्यातून चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला. मी श्वास धरून ऐकत होते. रस्त्यावर पोहोचल्यावर तो बाजाराच्या गलक्यात मिसळला, आणि ते मला परत कधी दिसले नाहीत. मग शब्बीरभाई किल्ली घेऊन वर आले. दारात थांबले, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बाई, बंद करू?"

"करा बंद," मी म्हटलं.